सरळ आहे का, मम्मी?

सुरतच्या नवागाममधल्या त्या गल्लीत शकू तायडेला ओळखत नाही असं घर नव्हतं. उधनाच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन असलेल्या चंदूची बायको, बाजारातून साड्यांचे लॉट आणून घरी मशीनवर लेसपट्टी मारणारी बाई, आणि चौदा एप्रिलला विहारासमोर माइक हातात घेऊन बोलणाऱ्या प्रज्ञेशची आई. या तिन्ही ओळखींपैकी तिसरी तिला सगळ्यात प्यारी होती. पोरगा बोलायला उभा राहिला की बायका आपापसांतलं बोलणं थांबवायच्या. शकू मुद्दाम मागच्या रांगेत बसायची, म्हणजे सगळ्यांच्या माना एका बाजूला वळलेल्या दिसायच्या.

प्रज्ञेश इच्छापोरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे सेफ्टी सुपरवायझर होता. सकाळी कामगार आत जायच्या आधी त्यांना समोर उभं करून हेल्मेट घाला, पट्टा बांधा, हे सांगायचं त्याचं काम. तिथंही त्याचा आवाज चांगला चालायचा. वय अठ्ठावीस, दिसायला गोरागोमटा नव्हे पण नीटस. आरशाशी त्याचं कधी जास्त काम पडलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात एका सकाळी चूळ भरताना त्याच्या तोंडातलं पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. त्याला वाटलं, झोपेत ओठावर झोपलो असेन. मोरीतून बाहेर आला आणि आईशी काहीतरी बोलायला गेला, तेव्हा शकूच्या हातातलं पातेलं खाली पडलं. अर्धा चेहरा हसत होता आणि अर्धा नव्हता.

चंदूनं त्याच पावली रिक्षा आणली. चेहऱ्याची नस सुजली आहे, मेंदूचं काही नाही, वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. झोपताना डावा डोळा मिटत नसे म्हणून त्यावर पट्टी लावायची, दिवसा फुगा फुगवायचा, आरशासमोर बसून प-फ-ब म्हणायचं. शकूही त्याच्या शेजारी बसून गाल फुगवायची. चंदू त्या दोघांकडे बघून म्हणायचा की घरात बालवाडी उघडली. होळीपर्यंत डोळा मिटायला लागला, पाणी गळायचं थांबलं. गल्लीत शकूनं पेढे वाटले.

खरं तर गोष्ट इथंच संपायची. पण झालं उलटंच. चेहरा बरा झाला आणि पोरगा बिघडत गेला.

सुरुवात एका प्रश्नानं झाली. कामावर जाताना दारात थांबून तो म्हणायचा, "मम्मी, बघ ना. सरळ आहे का?" शकू बघायची आणि सांगायची, सरळ आहे. तो जायचा. मग दुपारी फोनवर फोटो पाठवायचा. ती मशीन थांबवून चष्मा लावायची आणि तेच सांगायची. संध्याकाळी घरात पाय टाकला की तोच प्रश्न, जेवताना तोच, आणि हळूहळू मधल्या वेळेतही तोच. त्याला वाटायचं, कामगार आपलं ऐकत नाहीत, आपल्या तोंडाकडे बघतात. म्हणून त्यानं मास्क लावायला सुरुवात केली. मास्कमधून बोललेलं मागच्यांना ऐकू जाईना, म्हणून ते सकाळचं बोलणं दुसऱ्याकडे गेलं. पुढं जिभेला मुंग्या आल्यासारखं वाटायला लागलं, मग डोकं जड, मग डावा हात. नसांच्या डॉक्टरांकडे पुन्हा, मशीनमध्ये घालून डोक्याचा फोटो पुन्हा. सगळं चांगलं. चांगलं आहे हे ऐकून आला की दोन दिवस जरा हसायचा, तिसऱ्या दिवशी म्हणायचा, त्यांच्या नजरेतून काही सुटलं असलं तर?

वारा लागून झालं असं कोणीतरी म्हणालं होतं, तेवढं त्यानं मनात धरलं. बाइक बंद. पंख्याखाली बसणं बंद. सुरतचा मे महिना, अंगातून घामाच्या धारा, आणि तायडेंच्या घरात खिडक्या लावलेल्या. प्रज्ञेश कानाला मफलर गुंडाळून पलंगावर. शकूनं हे सगळं चालवून घेतलं. पोराला बरं वाटतं ना, मग उकडलं तर उकडलं. थंड पाणी माठातून काढायचं बंद केलं, त्याच्यासाठी उजव्या बाजूनं चावता येईल असं मऊ शिजवायला लागली. शेजारच्या मंगलाबाई एकदा दार ढकलून आत आल्या आणि त्या भट्टीत क्षणभर उभ्या राहून म्हणाल्या, "पोऱ्याले नजर लागेल शे, शकू. उतारी टाक." शकूचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं नदीत सोडलं होतं. तरी त्या दिवशी तिच्या मनात आलं की उतरवून टाकता आली असती तर किती सोपं झालं असतं.

दिवाळीच्या आधी प्रज्ञेशनं नोकरी सोडली.

चंदू मुळात कमी बोलणारा माणूस. आयुष्य यार्डात गेलेलं, तिथं हाताच्या खुणांवर काम. त्यानं एक दिवस भिंतीवरचा आरसा काढला आणि माळ्यावर टाकून दिला. ना रहे बांस, असं हिंदीत काहीतरी पुटपुटला. त्यानं काय होणार? प्रज्ञेश मोबाइलमध्ये बघायचा, ताटाच्या मागच्या बाजूत बघायचा, किराणा दुकानाच्या काचेत बघायचा. आरशावाचून अडलं ते चंदूचंच. चाचपून दाढी करायचा आणि हनुवटी कापून घ्यायचा. मग चिडून बोलला, जे बोलायला नको होतं ते. म्हणाला, बाईसारखं तोंड काय बघत बसतोस, यार्डात लोकांचे पाय जातात तरी पोट भरतात. त्यानंतर बापाच्या ड्यूटीची वेळ झाल्याशिवाय प्रज्ञेश खोलीतून बाहेर येईना. आरसा शकूनं परत लावला.

शेवटी नसांच्या डॉक्टरांनीच स्पष्ट सांगितलं. नस बरी झाली, तिच्यासाठी आता माझ्याकडे येऊ नका; जी भीती बसली आहे तिला वेगळा डॉक्टर आहे, मनाचा, सरकारी दवाखान्यात बसतात. प्रज्ञेश उठून बाहेर निघून गेला. रिक्षात म्हणाला, "मी वेडा नाही." आणि घरापर्यंत बाहेर बघत राहिला.

शकूनं आठवडाभर वाट पाहिली. मग एका सकाळी लॉट बाजूला ठेवला, चांगली साडी नेसली आणि एकटीच दवाखान्यात गेली. केसपेपर काढला, बाकावर बसली, नंबर आला तशी आत गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गुजराती. पेशंट कुठं आहे, त्यांनी विचारलं. शकू म्हणाली, पेशंट यायला तयार नाही, म्हणून मी आले आहे. बाईंना हसू आलं, पण त्यांनी खुर्ची दाखवली.

शकूनं सगळं सांगितलं. कधी गुजरातीत, कधी हिंदीत, आणि जिथं रडू आलं तिथं मराठीत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की तो विचारतो तेव्हा तुम्ही काय करता.

"सरळ आहे म्हणते. वाकडं आहे म्हणू का?"

"मग त्याला बरं वाटतं?"

"वाटतं ना."

"किती वेळ?"

हे शकूनं कधी मनात आणलंच नव्हतं. पूर्वी दिवसभर वाटायचं. आता चहा निवेपर्यंतसुद्धा नाही.

मग बाईंनी समजावलं. खरूज खाजवली की बरं वाटतं, हात काढला की जास्त खाजते; पुन्हा खाजवावं लागतं आणि ती पसरत जाते. त्याचा प्रश्न ही खाज आहे आणि तुमचं उत्तर हे खाजवणं. तुम्ही आई आहात, मायेनंच करता. पण त्याच्या भीतीला रोज जेवू तुम्ही घालता आहात. हे ऐकून शकूला आधी राग आला. इतके महिने ती पोरासाठी उकाड्यात शिजली होती, आणि ही कालची पोरगी तिलाच दोष देत होती. बाईंना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, दोष कोणाचाच नाही, आणि एकदम बंदही करू नका. तो शांत असेल तेव्हा त्याच्याशी बोला, त्याला विचारूनच ठरवा, आणि पुढच्या वेळी त्याला आणता आलं तर आणा. मग त्यांनी विचारलं की तुम्ही स्वतः झोपता का. या प्रश्नावर मात्र शकूचा राग कुठल्या कुठं गेला.

घरी येऊन तिनं लपवाछपवी केली नाही. भाकरी वाढता वाढता सांगितलं की मी त्या डॉक्टरकडे जाऊन आले. प्रज्ञेशचा घास हातातच राहिला. कशाला, म्हणाला. शकू म्हणाली, मला झोप लागत नाही, जीव सारखा टांगलेला राहतो, म्हणून. त्यांनी परत बोलावलं आहे. तू सोबत चल, बाहेर बस. आईला झोप लागत नाही हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या भीतीत दुसऱ्या कोणासाठी जागाच उरली नव्हती.

तो गेला, बाहेर बसला. थोड्या वेळानं शकूनं दार उघडून नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो उठून आत आला आणि त्यानं स्वतःहून मास्क खाली केला.

गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलायला जाणं सुरू झालं. तिथंच बाई, शकू आणि प्रज्ञेश अशा तिघांनी मिळून ठरवलं की विचारलं तर शकूनं काय म्हणायचं. वाक्य प्रज्ञेशनंच निवडलं: याचं उत्तर मी देणार नाही, पण मी इथंच आहे.

म्हणायला सोपं, पण करायला जिवावर यायचं. पोरगा समोर उभा, डोळ्यांत पाणी, फक्त एक शब्द मागतोय, तोही आपल्या ओठांवर तयार आहे, आणि तो गिळायचा. शकूला वाटायचं, पाणी मागणाऱ्याला आपण पाणी नाकारतो आहोत. एका दुपारी त्याचा डावा डोळा फडफडला. पुन्हा तेच होतंय, म्हणत तो हातापाया पडायला लागला. शकूला राहवलं नाही. सरळ आहे रे राजा, सरळ आहे, म्हणून तिनं त्याचं तोंड ओंजळीत धरलं. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. आणि ती ओटा पुसून वळते न वळते तोच तो पुन्हा दारात उभा राहिला, खरं सांग, माझं मन राखायला तर म्हणाली नाहीस ना. त्या क्षणी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तिला पुरतं उमगलं. तिच्या शब्दाची किंमत ती स्वतःच कमी करत आली होती.

पुढची वेळ आली तेव्हा ती मशीनवर होती. लग्नसराईच्या साड्या, संध्याकाळी माणूस न्यायला येणार. प्रज्ञेश आला आणि त्यानं विचारलं. तिनं ठरलेलं वाक्य म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. ती मशीन चालवत राहिली. तो खोलीत गेला, परत आला, भिंतीवर हात आपटला.

"तू माझी आई आहेस की पोलीस?"

"आईच आहे. म्हणून तर सांगत नाही."

लेस वाकडी जात होती. तिनं मशीन थांबवलं आणि तयार साडीचं एक टोक त्याच्याकडे केलं. "धर हे. घडी घालायची आहे." त्यानं रागानंच धरलं. दोघं खोलीच्या दोन टोकांना उभे राहिले, टोकाला टोक मिळवायला जवळ आले, पुन्हा लांब गेले. एक साडी झाली, दुसरी झाली. त्याचा श्वास जोरजोरात चालला होता. शकूनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, साडीच्या काठाकडेच नजर ठेवली. किती साड्या झाल्या कोण जाणे. ढीग बराच उंच झाला तेव्हा तो म्हणाला, "मम्मी, कमी झालं." जणू अंगातला ताप उतरावा तसं नवलानं म्हणाला. कोणी काही न सांगता भीती आपली आपण उतरू शकते, हे त्याला इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दिसलं होतं.

तिथून गाडी रुळावर आली असं म्हणता येणार नाही. पण रूळ सापडला. घरात आधी मास्क निघाला, मग खिडक्या उघडल्या. पंखा सुरू झाला त्या दिवशी चंदू ड्यूटीवरून आला आणि दारातच उभा राहिला, वर बघत. त्यानं पोराची माफी कधी मागितली नाही, त्याच्या पिढीच्या बापांना ते जमत नाही. पण रविवारी अंघोळ करून तयार झाला आणि म्हणाला, मला पलसाण्याला एका दोस्ताकडे जायचं आहे, तुझ्या बाइकवर सोड. वारा तोंडावर घ्यायचा हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं काम प्रज्ञेश कधीचा पुढं ढकलत होता. तो मफलर शोधायला लागला. चंदू म्हणाला, "मी मागं बसतो ना. काय व्हायचं ते दोघांना होईल." हायवेवर ट्रकांच्या वाऱ्यात बापलेक जाऊन आले. पलसाण्यात दोस्तबिस्त कोणी नव्हता. दोघांनी टपरीवर चहा घेतला आणि परतले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

चौदा एप्रिल आली. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यानं करावं म्हणून विहाराची मंडळी विचारून गेली होती. त्यानं नाही म्हटलं, पण सरबत वाटायला उभा राहतो म्हणाला. शकूनं फार आशा धरली नाही आणि फार काळजीही दाखवली नाही; दोन्ही ती आता शिकली होती. संध्याकाळी विहारासमोर माणसांची रीघ लागली. प्रज्ञेश निळा शर्ट घालून, मास्कविना, पिंपापाशी उभा राहून ग्लास भरत होता. बायकांच्या रांगेत शकू जवळच उभी होती.

इतक्यात राकेश आला. शाळेत असल्यापासूनचा ओळखीचा, आता वापीला राहणारा, मनात येईल ते बोलणारा. त्यानं ग्लास घेतला, प्रज्ञेशकडे निरखून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, मला वाटलं होतं पूर्ण बरा झालास. हसतोस तेव्हा अजून थोडं वाकडं जातंय की."

ज्या एका वाक्याच्या भीतीनं कित्येक महिने घर कोंडून घेतलं होतं, ते कोणीतरी सरबत पिता पिता बोलून मोकळा झाला होता. तिला धावत जावंसं वाटलं, राकेशच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. पण ती जागची हलली नाही.

प्रज्ञेशचे कान लाल झाले. हातातला ग्लास त्यानं हळू पिंपाच्या झाकणावर ठेवला. मग म्हणाला, "हो, थोडं जातं. राहील तेवढं, डॉक्टर म्हणतात." आणि मागच्या माणसाला, "या काका, पुढं या."

राकेश गावाकडच्या कोणाचं तरी विचारायला लागला. रांग पुढं सरकली. काहीही झालं नाही. नंतर शकूनं पाहिलं, प्रज्ञेश विहाराच्या मागं जाऊन थोडा वेळ एकटाच उभा होता, कपाळ भिंतीला टेकवून. पण तो घरी गेला नाही. तोंडावर पाणी मारून परत आला आणि शेवटचा ग्लास संपेपर्यंत थांबला.

त्या दिवशी जेवण झाल्यावर तो आईजवळ येऊन बसला. म्हणाला, राकेश खरं बोलला ना? तो प्रश्न नव्हता. शकू म्हणाली, हो रे, हसताना थोडं दिसतं. मला आधीपासून दिसत होतं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. प्रज्ञेशनं मान हलवली. इतके महिने सरळ आहे, सरळ आहे, असं ऐकून जे झालं नाही, ते त्या एका होकारानं झालं. दोघांच्या मधून काहीतरी जड बाजूला झाल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात भुसावळला शकूच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. दीड वर्ष शकू घर सोडून कुठं गेली नव्हती. नको म्हणत असतानाच प्रज्ञेशनं तिकीट काढून आणलं. गाडीत बसल्यापासून तिचं मन मागंच होतं. पहिल्या दिवशी प्रज्ञेशचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं चंदूला फोन लावला, कसा आहे विचारलं. चंदू म्हणाला, ठीक आहे. तासाभरानं पुन्हा लावला, खरंच ठीक आहे ना. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो म्हणाला, "शकू, आता तुला काय झालं?"

बहिणीच्या अंगणात चुलीवर वांगी भाजायला ठेवली होती, त्यांचा खरपूस वास सुटला होता. बाळाच्या आजूबाजूला बायकांचा गलका चालला होता. शकूनं फोन पिशवीत ठेवला, पदर खोचला आणि वांगी उलटायला चुलीपाशी जाऊन बसली. बहिणीला म्हणाली, दोन दिवस जास्त राहीन म्हणते.

आता प्रज्ञेश पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. गोळी अजून चालू आहे, डॉक्टरीणबाई सांगतात तशी कमी होत चालली आहे. वाईट दिवस येतात. तशा दिवशी तो शकूला सांगतो की आज डोक्यात चाललं आहे, आणि शकू बरं म्हणते, हातातलं काम खाली ठेवत नाही. कधी तो तिच्याबरोबर साड्यांच्या घड्या घालतो, कधी बाइक काढून बाहेर जातो. चंदू पुढच्या वर्षी निवृत्त होईल. विहाराच्या मंडळींनी औंदा पुन्हा माइकचं विचारलं आहे, प्रज्ञेशनं अजून काही कळवलेलं नाही. शकूनंही विचारलेलं नाही. दुपारी मशीन बंद करून पंख्याखाली जरा आडवी झाली की तिला आता झोप लागते, आणि शेजारच्या मंगलाबाईंनी हाक मारली तरी लवकर जाग येत नाही.